एक तुमच्याकडे, एक आमच्याकडे

मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. त्यामुळे एकाच गोष्टीला दोन भाषांनी काय नाव दिलं आहे, याकडे आपोआप लक्ष जातं. मराठीत आपण 'पोटगी' म्हणतो, उर्दूत 'नान-नफका'. पोटगीत पोट आहे आणि नानमध्ये रोटी आहे, म्हणजे इथपर्यंत दोन्ही भाषांचं म्हणणं एकच. पण नफका हा शब्द खर्च करणे या अर्थाच्या अरबी धातूतून आला आहे, इन्फाक त्याचाच भाऊ. नफ्याशी त्याचं काही नातं नाही. तरी आमच्या मोहल्ल्यात 'नफका मांगती है' हे वाक्य अशा सुरात म्हटलं जातं, की ऐकणाऱ्याला वाटावं बाई नफाच मागते आहे.

आणि दोन्ही शब्द ऐकले की डोळ्यांसमोर बाईच येते. मूल येत नाही. १९८५ साली शाहबानोचा निकाल लागला, १९८६ चा कायदा आला, २००१ मध्ये डॅनियल लतिफीचा निकाल, परवा २०२४ च्या जुलैमध्ये तेलंगणातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की तलाकशुदा मुस्लिम बाईला सर्वसाधारण कायद्याखालीही पोटगी मागता येते. चाळीस वर्षं आपण वाद घातला तो बाईच्या पोटगीवर. इद्दतीपुरती की पुढेही, शरियत की कायदा, मौलवी की न्यायाधीश. मुलांच्या खर्चावर मात्र वाद झालाच नाही, कारण वादाला जागाच नव्हती. बापाने मुलांचा खर्च करायचा नाही, असं म्हणणारा आलिम मला आजवर भेटलेला नाही. वकीलही नाही. आणि मी पाहिलेल्या घरांमध्ये, ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे तेच देणं सगळ्यात गुपचूप बुडवलं जातं.

त्यातही एक खास प्रकार आहे, त्याबद्दल मला लिहायचं आहे. मुलं वाटून घेतली जातात तेव्हाचा.

माझ्या धाकट्या बहिणीचं घर २०२२ मध्ये मोडलं. तिला विचारूनच हे लिहिते आहे. नावं आणि गाव सोडून बाकी लिही, असं ती म्हणाली. मारहाण नव्हती, दुसरं लग्न नव्हतं. दोघांचं जमलं नाही आणि सहा-सात वर्षं न जमताच गेली. शेवटी मुबारात ठरली, म्हणजे दोघांच्या राजीखुशीने वेगळं होणं. मोठा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता, मुलगी सहाची.

बैठक मामूंच्या घरी झाली. पुरुष बाहेरच्या खोलीत, आम्ही आत, मधे पडदा. मेहर दिलेली होती, इद्दतीचा खर्च द्यायचं त्यांनी कबूल केलं, दागिने परत आले. मग मुलांचा विषय निघाला आणि तो पाच मिनिटांत संपला. मुलगा सातच्या वर आहे, तो बापाकडे. मुलगी लहान आहे, ती आईकडे. जमातीतले एक बुजुर्ग बोलले, "दो बच्चे हैं. एक तुमारे पास, एक हमारे पास. हिसाब बराबर. अब किसी का किसी पे कुछ नहीं."

इतकं साफ, इतकं नेटकं वाक्य की बाहेर सगळ्यांनी माना हलवल्या असणार. आत माझ्या अम्मीनेही मान हलवली. लेकीकडे निदान एक मूल तरी राहतंय, एवढंच तिला त्या क्षणी ऐकू आलं होतं. मी पडद्याआडून विचारलं, "चाचा, मुलीच्या खर्चाचं काय?" उत्तर आलं, "टीचर, लडके का खर्चा वो करेगा ना? तो लडकी का ये करेगी."

ही वाटणी कुठून आली, ते आधी बघू. हनफी फिकहात हिजानत, म्हणजे लहान मुलाला जवळ ठेवून सांभाळण्याचा हक्क, आईचा असतो. मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. त्यामुळे आपल्यात मोठा मुलगा आणि धाकटी मुलगी असलेलं जोडपं वेगळं झालं की भावंडं वेगळी होण्याची सोय जणू आधीच करून ठेवलेली आहे. कोकणातल्या आपल्या शाफई बांधवांकडे हिशेब जरा निराळा आहे. तिथे मूल समजत्या वयाचं झालं की त्यालाच विचारायचं, तुला कुणाकडे राहायचं आहे. आणि कोर्टात गेलात तर १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली न्यायाधीश शरियतही बघतात, पण मुलाचं हित कशात आहे ते सगळ्यात आधी बघतात. भावाबहिणीला तोडू नये, हाही त्या हिताचाच भाग. आमच्याकडे कोर्टापर्यंत कुणी गेलं नाही. पाच मिनिटांत भाऊ एका गल्लीत आणि बहीण दुसऱ्या गल्लीत.

पण माझा मुद्दा वाटणीचा नाही, 'हिसाब बराबर'चा आहे. हिशेब बरोबर व्हायला दोन्ही बाजूंना देणं असावं लागतं. मी तुझे पाचशे देणं लागते, तू माझे पाचशे लागतोस, तर फिटंफाट. इथे आई काय देणं लागत होती? शरियतच्या हिशेबाने, बापाची ऐपत असेल तोवर, काहीच नाही. हिजानत वेगळी आणि नफका वेगळा. मूल कुणाच्या कुशीत झोपतं यावरून त्याच्या रोटीचे पैसे कुणी द्यायचे हे बदलत नाही. सूरह बकरामध्ये दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भार मुलाच्या बापावर टाकला आहे, आणि तिथेच हेही बजावलं आहे की मुलावरून आईलाही त्रास होऊ नये आणि बापालाही. सूरह तलाकमध्ये तर वेगळी झालेली बायको तुमच्या मुलाला पाजत असेल तर तिचा मोबदला द्या, असं आहे. हनफी फिकहाने पुढे जाऊन, इद्दत संपल्यावर मूल सांभाळण्याची उजरत आई मागू शकते, इथवर सांगितलं. आणि आम्ही कुठे आलो? सांभाळणाऱ्या आईनेच खर्चही करावा, कारण दुसरं मूल बापाने ठेवून घेतलं आहे.

बापाने मुलाला ठेवलं, हे आईवर उपकार म्हणून मांडलं गेलं. तो मुलगा त्याचाच होता ना?

मुबारात हा शब्दही मी बहिणीला फोडून दाखवला. एकमेकांना मोकळं करणं, एकमेकांच्या देण्यातून बरी करणं. एकमेकांना, म्हणजे नवरा-बायकोने. मुलं त्या कागदावर सही करत नाहीत, तर त्यांचा हक्क कुणी कसा सोडून देईल? भारतीय न्यायालयांनीही वेळोवेळी हेच म्हटलं आहे की मुलाची पोटगी हा मुलाचा स्वतंत्र हक्क आहे, आईने लिहून दिलं म्हणून तो जात नाही. तरी आमच्या कागदावर 'दोन्ही पक्षांचे एकमेकांवर कसलेही येणे-देणे राहिले नाही' हे वाक्य आलंच. बहिणीने सही केली, कारण न केली तर मुलगाही दर जुम्म्याला भेटायला येणार नव्हता. असं कुणी बोललं नाही. पण आतल्या खोलीत बसलेल्या सगळ्या बायकांना ते कळत होतं.

आता प्रत्यक्षात 'एक-एक' म्हणजे काय ते बघा. मुलगा राहतो ते घर त्याच्या दादांचं. भाडं नाही, दादी स्वयंपाक करते, चुलत भावांची पुस्तकं आहेत. बहीण दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, साडेतीन हजार भाडं. ती ब्लाऊज शिवते, फॉल-बिडिंग करते, संध्याकाळी मोहल्ल्यातल्या मुलींना कायदा आणि नाजरा शिकवते. महिन्याला आठ हजार झाले तर अल्हम्दुलिल्लाह. मुलीची शाळा सेमी-इंग्लिश, व्हॅनचे पैसे वेगळे, दुसरीत चष्मा लागला. आणि जुम्म्याला, ईदला, मे महिन्यात मुलगा येतो तेव्हा तोही जेवतो, त्यालाही चप्पल लागते. तो हिशेब कुठल्याच बाजूला लिहिला जात नाही.

क्षणभर शरियत बाजूला ठेवू आणि आजच्या कायद्याच्या नजरेने बघू, जिथे आईचीही कमाई धरतात. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात पोटगीसाठी नियमच घालून दिले. दोघांनीही आपली मिळकत आणि कर्जं शपथपत्रावर सांगायची, मुलांचा खर्च साधारणपणे बापाने करायचा, आई पुरेसं कमावती असेल तर दोघांनी कमाईच्या प्रमाणात उचलायचा. मी वहीत मांडून बघितलं. समजा बापाची कमाई तीस हजार, आईची आठ. एका मुलाला महिन्याला सहा हजार लागतात, दोघांचे बारा. अडतीस हजारांत आईचा वाटा आठ, म्हणजे बारा हजारांपैकी तिच्यावर सुमारे अडीच हजार येतात. बापावर साडेनऊ. तो मुलावर सहा करतो आहे, म्हणजे साडेतीन हजार त्याने मुलीसाठी पाठवायला हवेत. आईला कमावती धरून, तिला काडीची सूट न देता केलेला हिशेब आहे हा. तरीही बरोबर होत नाही! बरोबर व्हायचा एकच मार्ग, दोघांची कमाई सारखी असली पाहिजे. मुलं दोन असून भागत नाही.

मी हे गणित भाईजानना दाखवलं. ते म्हणाले, "आपा, कागजपर ठीक है, मगर मांगने गए तो लडके को बंद कर देंगे." आणि हीच खरी गाठ आहे. मुलं वाटली गेली की दोघांच्याही हातात एकेक मूल असतं, आणि जो मागायला उठतो त्याला समोरच्याच्या हातातलं मूल आठवतं. दोन्ही मुलं आईकडे असती तर बहीण कधीच कोर्टात गेली असती. अडीच वर्षं ती गेली नाही, ती भित्री म्हणून नव्हे.

उलट बाजूचंही सांगायला हवं. मुलांचे अब्बा वाईट माणूस नाहीत. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, मुलाचा अभ्यास घेतात, रोजा लावून दुकान चालवतात. त्यांची तक्रार अशी की मुलगी त्यांच्याकडे राहायला येत नाही, आली तर संध्याकाळी परत जायचं म्हणते, मग पैसे कशाचे? मुलगी मनाने दुरावते आहे याचं दुःख खरं होतं, आणि ते मला दिसत होतं. पण भेट आणि खर्च ही दोन निराळी खाती आहेत. भेट मिळाली नाही म्हणून मुलीचं जेवण थांबवता येत नाही, आणि पैसे आले नाहीत म्हणून मुलीला बापापासून तोडता येत नाही. हे दुसरं वाक्य मला बहिणीलाही अनेकदा ऐकवावं लागलं. तिला वाटायचं, पैसे नाही तर भेटही नाही. मोहल्ल्यातल्या अर्ध्या बायकांचा तिला हाच सल्ला होता.

दुसरी तक्रार, "पैसे दिले तर ते मुलीवर जातील कशावरून?" ही मी इतक्या ठिकाणी ऐकली आहे की ती तलाकनाम्याबरोबर छापूनच मिळते की काय असं वाटतं. मुलीचं बँकेत खातं काढा, त्यात टाका, शाळेची फी थेट भरा. ज्याला द्यायचं आहे त्याला वाट सापडते.

हिंद बिन्त उत्बाची हदीस आम्ही दोघी बहिणी लहानपणी अब्बांकडून ऐकलेली. अबू सुफियान हात आखडता धरतात, मला आणि मुलांना पुरेसं देत नाहीत, अशी तक्रार घेऊन ती रसूलल्लाह सल्लल्लाहू अलैहि व सल्लमकडे आली. त्यांनी तिला परवानगी दिली की नवऱ्याच्या मालातून त्याला न विचारता, रीतीप्रमाणे तुला आणि मुलांना पुरेल इतकं घे. मी ती आठवण काढली तेव्हा बहीण हसून म्हणाली, "आपा, हिंदचा हात नवऱ्याच्या पेटीपर्यंत पोहोचत होता. माझा कुठे पोहोचतोय आता?" त्या हसण्यानंतर आठवडाभरात ती तालुक्याच्या कोर्टात गेली. जानेवारी २०२५.

पूर्वी ज्याला कलम १२५ म्हणायचे, ते जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. अर्ज फक्त मुलीच्या नावाने केला. बहिणीने स्वतःसाठी काही मागितलं नाही, माझं-त्याचं फिटलं आहे म्हणाली. अर्जावर मुलीच्या नावापुढे 'अज्ञान' असं लिहिलेलं आणि पुढे 'अ. पा. क. आई'. कोर्टाच्या मराठीत अल्पवयीनाला अज्ञान म्हणतात. भाचीने तो कागद वाचला, चौथीत होती, माझ्यामुळे मराठी चांगली वाचते, आणि म्हणाली, "खाला, मला अज्ञान का लिहिलंय? मला सगळं माहीत आहे."

तिला खरोखर बरंच माहीत होतं. भावाचा खर्च अब्बा करतात आणि आपला करत नाहीत, हे तिला पैशांवरून कळलेलं नव्हतं. तिने त्याचा अर्थ लावला होता, की अब्बांनी त्याला निवडलं. आम्ही मोठी माणसं ज्याला वाटणी म्हणतो, त्याला मूल निवड समजतं. मला या सगळ्या प्रकरणात कशाची सर्वात जास्त काळजी वाटली असेल तर याची. साडेतीन हजारांत मुलीचं आयुष्य घडत-बिघडत नाही. पण महिन्याच्या महिन्याला बापाकडून आपल्या नावावर काहीतरी येतं, हे माहीत असलेली मुलगी आणि ते कधीच न आलेली मुलगी, या दोन वेगळ्या मुली मोठ्या होतात. अशा दोन्ही मुली माझ्या वर्गात बसतात.

समोरच्या वकिलांनी पहिला मुद्दा काढला तो १९८६ च्या कायद्याचा. त्या कायद्यात आईने मूल सांभाळलं तर जन्मापासून दोन वर्षांपर्यंतचा खर्च माजी नवऱ्याने द्यावा असं आहे, आणि मुलगी तर नऊची. हा जुनाच पेच आहे. १९९७ साली नूर सबा खातून यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो सोडवून टाकला. ती दोन वर्षांची तरतूद तलाकशुदा आईच्या हक्काची आहे, मुलांच्या हक्काची नाही. मुलांना सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत, आणि मुलींना लग्न होईपर्यंत, बापाकडून खर्च मिळण्याचा हक्क आहे. मुस्लिम कायद्याप्रमाणेही आणि सर्वसाधारण कायद्याप्रमाणेही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी संपलेला वाद अजून तालुक्याच्या कोर्टात उभा केला जातो, कारण समोर बसलेल्या बाईला तो संपल्याचं कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही हे वाचत असाल तर निकालाचं नाव लिहून ठेवा.

दुसरा मुद्दा कमाईचा. शपथपत्रात दुकानाची मिळकत बारा हजार दाखवली. दुकानाच्या काउंटरवर पैसे घ्यायचा जो क्यूआर कोडचा स्टिकर आहे, तो धाकट्या भावाच्या नावावर निघाला. यावर मी जास्त बोलत नाही. खात्यांचे उतारे कोर्टाने मागवले, एवढं सांगते.

तिसरा मुद्दा अपेक्षेप्रमाणे आला. मुलीलाही आमच्याकडे द्या, मग पोटगीचा प्रश्नच उरत नाही. तीन वर्षं मुलीच्या वहीपेन्सिलीची चौकशी नाही, आणि साडेतीन हजारांचा अर्ज आल्याबरोबर मुलगी हवी. बहीण त्या रात्री झोपली नाही. मी तिला समजावलं की ताबा हवा असेल तर त्यांना वेगळा अर्ज करावा लागेल, मुलीचं हित बघितलं जाईल, तिला विचारलंही जाईल. तो अर्ज त्यांनी केला नाही.

तात्पुरत्या पोटगीचा अर्ज नोटीस पोहोचल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं कायद्यात आहे. आमच्या तारखा सात महिने चालल्या. मग महिना साडेतीन हजारांचा हुकूम झाला, तोही अर्जाच्या तारखेपासून. चार महिने पैसे आले. पाचव्या महिन्यापासून बंद.

थकबाकी वसूल करायची तर वॉरंट निघू शकतं, माल जप्त होऊ शकतो, आणि तरीही दिले नाहीत तर प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज मात्र करायला हवा. वकीलबाई म्हणाल्या, एकदा पोलीस दारात गेला की पैसे येतात. खरंच येतात, मी ऐकून आहे. पण ज्या दारात तो पोलीस जाणार होता, त्या दारात माझा भाचा राहतो. तेरा वर्षांचा. शाळेतून येऊन दुकानात बसणारा. त्याला कुणीतरी सांगितलंच. त्याने रात्री दादांच्या फोनवरून फोन केला आणि विचारलं, "अम्मी, तू अब्बाला जेलमध्ये टाकणार का?"

कायद्याचा हा दंडुका सर्वांसाठी सारखाच केला आहे. मुलं विभागलेली असतात तिथे तो उगारला की एका मुलाच्या हक्कासाठी दुसऱ्या मुलाच्या घरावर पडतो. यावर कायद्यात उत्तर नाही आणि जमातीकडेही नव्हतं. बहिणीने मुलाला एवढंच सांगितलं, "नाही. तुझ्या बहिणीचे पैसे आहेत ते, ते त्यांनी द्यावेत एवढंच मी म्हणते." फोन ठेवल्यावर तिने वॉरंटचा अर्ज थांबवला. माझ्या मते तिचं बरोबर होतं, भाईजानच्या मते नव्हतं. आमच्या घरात त्यावर अजून दोन तट आहेत.

पुढे जे झालं ते फोनच्या पलीकडच्या माणसामुळे. दादा सत्तरीच्या पुढचे, बैठकीत फारसे न बोललेले. फोन त्यांचाच होता, शेजारी बसून त्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी जुहरनंतर ते एकटेच बहिणीच्या घरी आले. रिक्षातून उतरून जिने चढून. नातीचा चष्मा हातात घेऊन बघत बसले. म्हणाले, "बेटा, बाप ना दे सके तो दादा पे आता है. मैं जिंदा हूं, वो भी दे सकता है. देगा." फिकहात हे असंच आहे, बाप खरोखर कंगाल असेल तर आजोबाकडे जबाबदारी जाते. त्यांनी लेकाला काय सांगितलं ते आम्हाला माहीत नाही. पुढच्या लोकअदालतीला दोन्ही बाजू आल्या.

तिथे जे लिहिलं गेलं ते इथे देते, कारण कुणाला उपयोगी पडेल. महिना चार हजार, मुलीच्या खात्यावर, दहा तारखेच्या आत. दर दोन वर्षांनी दहा टक्के वाढ. थकलेली रक्कम तीन हप्त्यांत. शाळेची फी आणि आजारपणाचा मोठा खर्च अर्धा-अर्धा. दर रविवारी दोन्ही भावंडं एकत्र, एक रविवार आईकडे, एक रविवार अब्बांकडे, आणि पैसे आले असोत वा थकलेले असोत, रविवार चुकणार नाही. हे शेवटचं वाक्य बहिणीने आग्रहाने घातलं. मुलाचे अब्बाही त्यावर लगेच हो म्हणाले. सगळ्या कलमांत एवढ्या एकाच कलमावर कुणी घासाघीस केली नाही.

अडलं ते मुदतीवर. त्यांच्या वकिलांना 'अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत' हवं होतं. आमच्या वकीलबाईंनी नूर सबा खातूनचा निकाल पुढे केला, मुलीला लग्न होईपर्यंत. समोरून होकार आला, आम्ही सगळे खूश. बहीण मात्र गप्प. मग तिने विचारलं, "लग्न होईपर्यंत असं लिहिलं, तर हप्ते थांबवायला तिचं लग्न लवकर लावायची घाई नाही का होणार?" पॅनलवरचे न्यायाधीश चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिले. समोर मुलांचे अब्बा पटकन म्हणाले, मी असा नाही. ती म्हणाली, "तुम्ही नाही. पण कागद तुमच्यानंतरही वाचला जाईल."

मग वाक्य असं झालं, आणि ते मराठीत नीट बसावं म्हणून मी तिथेच उभी राहून सांगितलं: मुलीचे शिक्षण चालू असेपर्यंत व ती स्वतः कमावती होईपर्यंत, आणि एकवीस वर्षे पूर्ण होण्याआधी कोणत्याही कारणाने बंद न करता. कारकुनाने ते दोनदा वाचून टाइप केलं. सहीच्या जागी मुलीच्या नावापुढे पुन्हा 'अज्ञान' होतं.

पैसे येतात. या महिन्याचे बारा तारखेला आले.